गिरगावच्या दुकानांची तोंडे रस्त्याकडेच राहू द्यावीत

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मा. मुख्य अधिकारी, मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, म्हाडा,
आणि गिरगाव-काळबादेवीतील पुनर्विकासाचे नकाशे तयार करणारे सर्व वास्तुविशारद यांस,

स. न. वि. वि.

मी गिरगावात जन्मलो आणि आज एकोणऐंशीव्या वर्षीही तिथेच राहतो. माझ्या वडिलांनी १९३८ साली ज्याला आता जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर छत्र्यांचे दुकान काढले. रस्त्याच्या बाजूने नऊ फूट आणि आत चौदा फूट एवढीच ती जागा आहे. पावसाळ्यापुरत्या छत्र्या, एरवी शाळेची दप्तरे, पट्टे, कंदील आणि दुरुस्तीची कामे, यांवर त्या दुकानाने आमच्या घरातली तीन लग्ने आणि चौघांची शिक्षणे पार पाडली. आता ते माझा पुतण्या चालवतो. दुकान ज्या चाळीत आहे ती चाळ उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत) असून तिच्या पुनर्विकासाच्या हालचाली सुरू आहेत, म्हणजे या पत्रात माझा स्वार्थ आहे हे मी आधीच सांगून ठेवतो. परंतु मला जे मागायचे आहे ते एका दुकानापुरते नाही, आणि ते का मागतो आहे हे ट्रामची आठवण सांगितल्याखेरीज नीट कळणार नाही, म्हणून थोडे मागे जाण्याची परवानगी घेतो.

माझ्या लहानपणी आमच्या दुकानासमोरून ट्राम जात असे. रूळ रस्त्याच्या मधोमध होते आणि गाडी थांब्यावर आली की उतरणारा माणूस रस्त्याच्या मध्यावर उतरून चार-सहा पावलांत एका बाजूच्या दुकानांपाशी पोहोचत असे. स्टेशनाचा जिना, पूल, भुयार, आवाराचे फाटक, यांपैकी काहीच त्याच्या आणि दुकानाच्या मध्ये येत नव्हते. ट्रामचा वेग बेताचा असे. धडधाकट माणूस धावत जाऊन ती गाठू शके आणि पुष्कळजण गाठतही. त्या वेगाने जाणाऱ्या माणसाला दुकानांच्या पाट्या वाचता येत, काचेच्या कपाटातला माल दिसे, ओळखीचा दुकानदार गल्ल्यावर आहे की मुलाला बसवून जेवायला गेला आहे हेसुद्धा कळे. माझी आजी खिडकीशी बसून दोन्ही बाजूंच्या दुकानांचा आढावा घेत जाई आणि घरी आल्यावर कुणाकडे कोणता नवा माल आला आहे ते सांगे. ती कधी बाजाराला म्हणून मुद्दाम निघाल्याचे मला आठवत नाही. ती कुठून तरी कुठे तरी जात असे, आणि बाजार तिला वाटेत भेटत असे.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीचे दृश्य माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. दुपारी चारचा सुमार, आकाश एकदम काळे झालेले, आणि ट्राम थांब्यावर येते तेवढ्यात पाऊस कोसळू लागतो. उतरणाऱ्यांपैकी निम्मे लोक छत्रीविना बाहेर पडलेले असत, कारण पहिला पाऊस कुणालाच वेळ देऊन येत नाही. ते डोक्यावर वर्तमानपत्र किंवा पिशवी धरून थेट आमच्या ओट्यावर येत. वडील कुणालाही “छत्री हवी का?” असे विचारत नसत. ते आतल्या खुंटीवरचा टॉवेल काढून देत, म्हाताऱ्या माणसाला स्टूल सरकवत, आणि मग एक छत्री उघडून तिच्या काड्या तपासत उभे राहत. नव्या छत्रीच्या कापडाला एक वास असतो, मेणाचा आणि काळ्या रंगाचा मिळून झालेला. त्या वासाने दुकान भरलेले असे. पाऊस थांबेपर्यंत तीन-चार छत्र्या विकल्या जात, दोन दुरुस्तीला पडत, आणि ज्यांनी काहीच घेतले नाही ते दुकान कुठे आहे एवढे लक्षात ठेवून जात. वडील म्हणत, “आज ओट्यावर उभा राहिला, तो पुढच्या वर्षी आत येतो.” आमच्या धंद्याची जाहिरात म्हणाल तर ती एवढीच होती, आणि ती चालण्यासाठी दोनच गोष्टी लागत होत्या, समोर उतरणारा माणूस आणि रस्त्याला लागून असलेला ओटा.

मुंबईत ट्राम आणि बाजार यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा तिचे दोन मार्ग होते, एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुनीपर्यंत आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुनीपर्यंत. दोन्ही मार्ग दक्षिणेकडून निघून देशी बाजारपेठेत येऊन थांबत होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या रस्त्यांवर आधीच माणसांची आणि मालाची दाटी होती, तिथेच कंपनीने रूळ टाकले. सुरुवातीला कुलाब्याहून पायधुनीला तीन आणे पडत आणि तिकीट असे दिले जात नसे. पुढे भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट प्रवास वाढू लागल्यामुळे त्याच वर्षी तिकिटे सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली आली. आज बसवर ‘बेस्ट’ हे नाव आपण वाचतो, त्यातला शेवटचा ‘टी’ मुळात ट्रामवेजचा होता. १९४७ मध्ये महापालिकेने कंपनी ताब्यात घेतल्यानंतर तो ट्रान्स्पोर्टचा झाला. दादर टी.टी. म्हणताना तर आपण आजही दादर ट्राम टर्मिनस असेच म्हणत असतो, जरी तिथे उभ्या असलेल्या बहुतेक लोकांना ते ठाऊक नसले तरी.

रूळ पडले तशी दुकाने रुळांच्या दोन्ही बाजूंनी वाढत गेली. धोबी तलावापासून ऑपेरा हाऊसपर्यंत चालत गेलो तर माझ्या लहानपणी एकही सलग बंद भिंत लागत नसे. चाळ उभी करणाऱ्या मालकाला तळमजल्याची किंमत कळत होती, म्हणून त्याने रस्त्याकडची बाजू आठ-आठ, नऊ-नऊ फुटांच्या गाळ्यांत वाटली, वर बिऱ्हाडे ठेवली, आणि आत वाडीत जाण्यापुरता बोळ सोडला. जिन्याखालची तिरपी जागासुद्धा वाया गेली नाही. तिथे घड्याळजी, चाव्या करणारा, फ्रेम बसवणारा, पानवाला असे लोक बसले. कोपऱ्यावरची जागा इराण्याकडे गेली. कोपऱ्याची जागा लाभत नाही अशी समजूत असल्यामुळे इतर व्यापारी ती टाळत आणि इराण्यांना ती मिळे असे सांगतात, परंतु दोन्ही रस्त्यांवरचे लोक दिसतील अशी ती जागा उपाहारगृहाला किती सोयीची होती हे धोबी तलावावर १९०४ पासून चालत आलेल्या कयानी या इराणी उपाहारगृहासमोर उभे राहिले की कळते.

एकेका वस्तूसाठी एकेक वाडी ठरलेली होती. मसाले आणि लोणची म्हटली की मुगभाटातले बेडेकर, मिसळ म्हटली की फणसवाडीचे विनय हेल्थ होम, मासळी चिराबाजारात, फुले भुलेश्वरला, कापड मंगलदास मार्केटात, सोने झवेरी बाजारात. सिनेमा पाहायचा तरी तो याच रस्त्यावर. पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला, तेव्हा झालेल्या गर्दीच्या गोष्टी वडील सांगत. ते स्वतः त्या वेळी शाळकरी वयाचे होते. मॅजेस्टिकचा खेळ सुटला की आमच्या रस्त्यावर दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या असत आणि अर्ध्या मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असत, कारण सिनेमाहून परतणारा माणूस दोन वस्तू तरी घेऊन जातो हा अनुभव होता. रात्रीची शेवटची ट्राम गेली की मगच उरलेल्या फळ्या खाचेत बसत. त्या फळ्यांवर मागच्या बाजूने खडूने आकडे घातलेले असत, नाहीतर अंधारात पाचवी फळी तिसऱ्या जागी बसे आणि आडणा लागत नसे. आमच्याकडे आता लोखंडी शटर आहे, पण सातव्या आकड्याची फळी पोटमाळ्यावर ठेवलेली आहे.

आमच्या रस्त्यावरची ट्राम शहरातल्या शेवटच्या ट्रामच्या आधीच बंद झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि वडिलांबरोबर बोरीबंदरला ती पाहायला गेलो होतो. गाडीत आणि गाडीवर इतकी माणसे होती की तिचा रंगसुद्धा दिसत नव्हता. मोटारी वाढल्या होत्या, रस्त्याच्या मधोमध थांबणारी गाडी त्यांच्या आड येत होती, गाड्या आणि रूळ जुने झाले होते, आणि बसला रुळांचे बंधन नव्हते. बंद करण्याची कारणे खरी होती हे वडीलही मान्य करत. ते हळहळले ते वेगळ्या गोष्टीसाठी. परत येताना ते म्हणाले की बस लोकांना दुकान ओलांडून पुढे नेऊन उतरवते. तेव्हा मला ते फारसे समजले नाही. पुढे स्वतः दुकानात बसू लागल्यावर समजले की बसचा थांबा दुसऱ्या नाक्यावर गेल्याने गिऱ्हाईक साठ-सत्तर पावले लांबते, आणि तेवढ्या अंतरात त्याला दुसरे काही काम आठवते.

तरीही दुकाने टिकली. भाडेनियंत्रण होते, पागडीची (एकरकमी रक्कम देऊन कमी भाड्याने कायमची घेतलेली) जागा हातात होती, वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक राहत होते आणि गल्ला रस्त्याकडे उघडत होता. गिरगावकर डोंबिवलीला, मुलुंडला, बोरिवलीला गेले, पण गणपतीची खरेदी, मुंजीचे सामान, मेतकूट आणि भाजणी यांसाठी ते आजही येतात. त्यांच्या मुलांना वाडीतली घरे ठाऊक नाहीत, दुकाने ठाऊक आहेत. माणसे ज्या गावात राहत नाहीत त्या गावाला दर महिन्याला येत राहतात, हे ज्या काही थोड्या ठिकाणी घडते त्यांतले गिरगाव एक आहे, आणि ते घडते तळमजल्यामुळे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या चाळी जीर्ण झाल्या आहेत आणि त्या पाडून नव्याने बांधल्या पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस भेंडीबाजारालगतची इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. तो परिसर आमच्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात रात्री तुळईचा आवाज झाला की आमच्याकडेही लोक जिन्यात येऊन उभे राहतात. सार्वजनिक संडासाच्या रांगेत म्हातारपण काढलेल्या बाईला जुन्या वास्तूचे कौतुक सांगण्याचे धाडस मी करणार नाही. तिला तीनशे चौरस फुटांचे, आत नळ आणि न्हाणीघर असलेले घर मिळालेच पाहिजे. माझी तक्रार इमारत नवी होण्याबद्दल मुळीच नाही. ती नवी होताना तिचा तळमजला कुणाच्या वाट्याला जातो, याबद्दल आहे.

उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या ३३ (७) या कलमाखाली होतो. त्यात अनिवासी भाडेकरूला जुन्या इमारतीत होते तेवढे क्षेत्रफळ नव्या इमारतीत मिळण्याची तरतूद आहे. ही तरतूद चांगली आहे आणि ती नसती तर आमच्यासारखे लोक केव्हाच रस्त्यावर आले असते. परंतु दुकान चौरस फुटांवर चालत नाही. आमचे एकशे सव्वीस चौरस फूट रस्त्याला नऊ फूट तोंड असलेले आहेत म्हणून ते दुकान आहे. तेच एकशे सव्वीस चौरस फूट पहिल्या मजल्यावर, वाहनतळाच्या मागे, किंवा आवाराच्या आतल्या बाजूला दिले, तर कागदावर एक इंचही कमी झालेला नसेल आणि दुकान मात्र संपलेले असेल. क्षेत्रफळाची हमी आहे, तोंडाची नाही. आणि आमच्या दुकानदारांना सर्वांत मोठे भय याच एका उणिवेचे आहे.

हे भय मी कल्पनेने रंगवलेले नाही. आमच्या भाडेकरूंपुढे जो पहिला नकाशा ठेवण्यात आला त्यात रस्त्याकडच्या बाजूला मोटारींचा उतार, सुरक्षारक्षकाची चौकी, वरच्या विक्रीच्या सदनिकांसाठी उंच छताचा प्रवेशकक्ष आणि एक मोठे दालन दाखवले होते. आमची अकरा दुकाने मागच्या बाजूला एका मार्गिकेत ओळीने मांडलेली होती. नकाशा काढणारा तरुण मनाने वाईट नव्हता. त्याने प्रत्येकाचे क्षेत्रफळ चोख मोजून दिले होते. आमच्यातल्या घड्याळजींनी त्याला आपले दुकान बोटाने दाखवायला सांगितले. हे गृहस्थ गेली बेचाळीस वर्षे जिन्याखालच्या साडेचार फुटांच्या जागेत बसतात. डोळ्याला भिंग, पुढ्यात वाटीएवढी काचेची घंटा, तिच्याखाली उघडलेले घड्याळ, आणि चिमटा हातात असतानाही समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला मान हलवून नमस्कार. तरुणाने मार्गिकेच्या टोकाचा चौकोन दाखवला. घड्याळजी म्हणाले, “गिऱ्हाईक मला शोधत येत नसते हो. जाता जाता मी त्याला दिसतो, मग त्याला आठवते की घड्याळ बंद आहे.” सभेत पुढे बरीच चर्चा झाली, पण या बोलण्याला उत्तर मिळाले नाही. तो नकाशा अजून मंजूर झालेला नाही, म्हणूनच मी आज लिहितो आहे.

आणि आज लिहिण्याला आणखी एक कारण आहे. मेट्रो क्रमांक तीन ही ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली असून गिरगाव आणि काळबादेवी या दोन्ही ठिकाणी जमिनीखाली स्थानके झाली आहेत. या कामासाठी आमच्या शेजारच्या काही इमारती पाडाव्या लागल्या, माणसे हलली, दुकाने हलली, आणि ती वर्षे कुणालाच सोपी गेली नाहीत. तरीही मी प्रामाणिकपणे सांगतो की पहिल्यांदा गिरगाव स्थानकातून वर आलो तेव्हा मला आनंद झाला. ट्राम गेल्यापासून प्रथमच रुळांवरून आलेला माणूस थेट आमच्या रस्त्यावर पाय ठेवत होता. माझ्यापुढे एक बाई आपल्या नातीला घेऊन वर आल्या, क्षणभर थांबल्या, दोन्ही बाजूंना पाहिले, आणि नातीला म्हणाल्या, “ही बघ, इथे माझी शाळा होती.” मग त्या रस्ता ओलांडून वाडीकडे वळल्या. ट्रामने आमच्या रस्त्याला जे दिले होते, म्हणजे पायी चालणारा, उघड्या डोळ्यांचा, घाईत नसलेला माणूस, तो साठाहून अधिक वर्षांनी परत आला आहे. अशा वेळी त्याच्यासमोर दुकानांऐवजी मोटारींचे उतार आणि काचेच्या बंद भिंती उभ्या करणे हे मोठे नुकसान आहे, आणि ते एकदा झाले की पुढची ऐंशी-शंभर वर्षे भरून निघणार नाही, कारण नवी इमारत पुन्हा कुणी पाडणार नाही.

म्हणून माझी मुख्य विनंती अशी आहे की पूर्वी ज्या रस्त्यांवरून ट्राम जात होती त्या जुन्या बाजाररस्त्यांवर, निदान जगन्नाथ शंकरशेट मार्ग आणि काळबादेवी मार्ग या दोहोंवर, पुनर्विकासाच्या नकाशाला मंजुरी देताना प्रत्येक विद्यमान दुकानाचे रस्त्याकडचे तोंड किती फुटांचे आहे याची नोंद क्षेत्रफळाबरोबरच व्हावी आणि नव्या इमारतीत ते तोंड पदपथाला लागून, पदपथाच्याच पातळीवर, कायम राहावे. क्रमही शक्यतो तोच राहावा, कारण ज्याच्या शेजारी फुलवाला आहे त्या पूजेच्या सामानाच्या दुकानाचे आणि ज्याच्या शेजारी शाळा आहे त्या वह्यांच्या दुकानाचे पोट शेजारावर चालते. वाहनतळाचा रस्ता मागच्या गल्लीतून किंवा बाजूच्या बोळातून घेता येत असेल तर पुढून देऊ नये. मोठी दालने काढायला माझा विरोध नाही. ती पहिल्या मजल्यावर जातील तर त्यांना फरक पडत नाही, त्यांच्याकडे जाहिरात करायला पैसे असतात. घड्याळजीला ओटा लागतो.

यावर रस्तारुंदीचा प्रश्न येईल हे मला माहीत आहे. पुष्कळ चाळी रस्तारेषेच्या, म्हणजे रस्त्यासाठी आखलेल्या हद्दीच्या, पुढे आलेल्या आहेत, नव्या इमारतीला मागे सरावेच लागेल, आणि अग्निशमन दलाची गाडी फिरायला मोकळी जागा सोडावी लागेल. ते सर्व योग्य आहे. इमारत पाच फूट मागे जाईल तर दुकानेही तिच्याबरोबर पाच फूट मागे जातील, एवढेच; मधल्या पाच फुटांत रुंद पदपथ मिळेल आणि तो आम्हाला हवाच आहे. मागे जाणे आणि मागच्या बाजूला जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि नकाशावर त्या एक होऊ नयेत, एवढी काळजी घ्यावी.

मधल्या काळाचाही विचार व्हावा. रहिवाशाला पुनर्विकास होईपर्यंत भाडे देऊन मालाडला किंवा मीरा रोडला पाठवता येते आणि तो परत आला की त्याचे घर त्याचेच असते. दुकानदार चार-पाच वर्षे दुसरीकडे गेला की परत येतो तेव्हा जागा असते आणि गिऱ्हाईक नसते. आमच्या ओळखीतले एक वह्या-पुस्तकांचे दुकान असेच संपले. मालकाला नवा गाळा मिळाला, त्याने तो भाड्याने दिला, आणि आता तो रोज सकाळी उगाच त्या रस्त्यावर चक्कर मारून जातो. काम चालू असताना त्याच गल्लीत, पदपथाच्या कडेला, महापालिकेच्या मंडईत किंवा आधी पूर्ण झालेल्या शेजारच्या इमारतीत तात्पुरते गाळे देण्याची अट मंजुरीतच घातली, तर ही पडझड बऱ्याच अंशी टळेल. गिरगावात एका वेळी अनेक इमारतींची कामे निघणार आहेत, तेव्हा त्यांचा क्रम लावून ही सोय करणे अवघड नाही. अनेक इमारतींच्या एकत्रित, म्हणजे समूह पुनर्विकासात तर ते आणखी सोपे आहे.

आणखी एक छोटी मागणी रुळांची आहे. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या कामात जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले, तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. काळ्या घडीव दगडांच्या मधोमध ते रूळ बसवलेले होते आणि ज्या खाचेतून चाकाची कड जाई ती खाच माती झटकल्यावर जशीच्या तशी दिसत होती. मी वाकून त्या खाचेत बोट घातले. आपण शहरातले रस्ते आता काँक्रीटचे करीत आहात आणि काँक्रीट एकदा पडले की खाली काय होते ते पाहण्याची संधी राहणार नाही. आमच्या रस्त्यांवर खोदकामात रुळाचा किंवा दगडी फरशीचा तुकडा लागला तर तो भंगारात न पाठवता स्थानकाच्या तोंडाशी पदपथात बसवावा, आणि शेजारी इथून कोणती गाडी कुठे जात होती ते मराठीत लिहावे. तसेच कोणतीही जुनी इमारत पाडण्यापूर्वी तिच्या तळमजल्याची, पाट्यांसकट, छायाचित्रे आणि मोजमापे घेऊन ती विभाग कार्यालयात जपून ठेवावीत. याला खर्च फारसा नाही. आमच्या दुकानाची मूळ पाटी रंगवणारा पेंटर अक्षरांच्या सावल्या बोटाने पुसून काढत असे. ‘छत्र्या’ या शब्दातल्या ‘त्र’ची सावली त्याने तीनदा पुसून पुन्हा काढली होती, आणि ती पाटी आजही दारावर आहे. तशा शंभरएक पाट्या या दोन रस्त्यांवर अजून शिल्लक असतील, पण दर वर्षी त्या कमी होत आहेत.

आपल्या कार्यालयात नकाशे वरून पाहिलेले असतात. वरून पाहिले की सर्व दुकाने सारखीच चौकोनी दिसतात आणि कोणता चौकोन कुठे सरकवला याने काही बिघडेल असे वाटत नाही. म्हणून माझी आपणांस, आपल्या इमारत प्रस्ताव विभागाच्या अभियंत्यांस आणि वास्तुविशारदांस नम्र विनंती आहे की आमच्या रस्त्यावरच्या कोणत्याही प्रस्तावावर सही करण्यापूर्वी एकदा तिथे पायी यावे. गिरगाव स्थानकातून संध्याकाळी सहाच्या सुमारास वर यावे आणि ठाकुरद्वारपर्यंत एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत यावे. किती लोक न ठरवता थांबतात, किती ओट्यांवर कुणीतरी उभे असते, घड्याळजींना किती नमस्कार मिळतात ते मोजावे. मी बरोबर असेन. मला आता भरभर चालता येत नाही, पण या कामाला तीच चाल हवी. पुतण्या सकाळी साडेनऊला दुकान उघडतो आणि त्याआधी अर्धा तास मी बाहेरच्या स्टुलावर बसलेला असतो. निरोप पाठवलात तर नऊ फुटांच्या त्या तोंडाचे माप मी आपल्यासमोर धरून दाखवीन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक गिरगावकर दुकानदार